जावातले ऑपरेटर: तक्ता पाठ झाला म्हणजे ऑपरेटर आले का?

प्रिसिडन्सचा, म्हणजे ऑपरेटरांच्या अग्रक्रमाचा, तक्ता पाठ केला म्हणजे जावा या प्रोग्रामिंग भाषेतले ऑपरेटर (==, +, % अशी चिन्हं) समजले का, असं तुम्ही विचारलंय. नाही समजले. कुठला ऑपरेटर आधी कुणाला धरतो, एवढंच तक्ता सांगतो. धरल्यावर तो करतो काय, हे दोन्ही बाजूंच्या टाइपवरून ठरतं, आणि घोळ होतात ते तिथेच.

== घ्या. दोन्हीकडे इंट, म्हणजे साधी पूर्णांक संख्या, असेल तर किंमत तपासली जाते. दोन्हीकडे ऑब्जेक्ट असतील तर तो एकच ऑब्जेक्ट आहे का, एवढंच तपासलं जातं. आता इंट नव्हे, तीच संख्या ऑब्जेक्टमध्ये ठेवणाऱ्या इंटिजर क्लासची दोन व्हेरिएबल घ्या. दोन्हींत १२७ टाकून == लावा: ट्रू. दोन्हींत १२८ टाका: फॉल्स! २००४ साली जावा ५ मध्ये ऑटोबॉक्सिंग, म्हणजे साध्या किमतीचा आपोआप ऑब्जेक्ट करणं, आलं. तेव्हापासून इंटचा इंटिजर करताना कंपायलर स्वतःच व्हॅल्यूऑफ मेथड बोलावतो, आणि उणे १२८ ते १२७ या किमतींसाठी ती तयार साठ्यातला तोच ऑब्जेक्ट परत देते. त्यापुढे सहसा दरवेळी नवा. म्हणून क्रमांक जुळवणारा कोड टेस्टमध्ये १, २, ३ वर पास होतो आणि प्रॉडक्शनमध्ये १२८व्या नोंदीला बिघडतो. एक्सेप्शन येत नाही, लॉगमध्ये काही नाही, फक्त इफच्या आतला कोड चालत नाही. डीबगरमध्ये दोन्हीकडे १२८ दिसतं, त्यामुळे माणूस डेटाबेस तपासत बसतो. किमतीशेजारचे ऑब्जेक्ट आयडी वेगळे आहेत, तिकडे लक्षच जात नाही.

एका बाजूला साधा इंट असेल तर दुसरी बाजू अनबॉक्स होते, म्हणजे ऑब्जेक्टमधून संख्या बाहेर काढली जाते, आणि तुलना बरोबर होते. ती बाजू नल, म्हणजे ऑब्जेक्टच नसलेली, निघाली, तर मात्र नल पॉइंटर एक्सेप्शन येऊन कोड थांबतो. उपाय म्हणजे किंमत तपासणारी इक्वल्स मेथड, पण तेही डोळे मिटून लावू नका: लाँग या मोठ्या पूर्णांकांच्या क्लासमधले ५ आणि इंटिजरमधले ५ इक्वल्सच्या लेखी वेगळे, कारण ते क्लासही बघतं. नल येण्याची शक्यता असेल तर ऑब्जेक्ट्स क्लासमधलं इक्वल्स वापरा.

+ चंही तसंच. "नग " + १ + २ याचं "नग १२" होतं, तर १ + २ + " नग" याचं "३ नग". ब हे व्हेरिएबल बाइट (उणे १२८ ते १२७ एवढंच मावणारा टाइप) असेल तर ब = ब + १ कंपाइल होत नाही, कारण बेरीज इंटमध्ये होते. ब += १ मात्र होतं, कारण त्यात कास्ट, म्हणजे उत्तर परत बाइटमध्ये बसवणं, दडलेला आहे; ब १२७ असेल तर मुकाट्याने उणे १२८ होतो. % भागाकाराची बाकी देतो आणि तिचं चिन्ह डाव्या संख्येवरून येतं, उणे ७ % ३ म्हणजे उणे १. म्हणून विषम संख्या ओळखायला % २ == १ लिहू नका, % २ != ० लिहा.

आता कंस. "ज्याला तक्ता येत नाही तो कंस घालतो" हे कोड रिव्ह्यूमध्ये ऐकू येतं आणि मला ते साफ चुकीचं वाटतं. फ्लॅग & ४ == ० या ओळीत (& दोन संख्यांचे बिट जुळवतो) आधी == धरतो. जावात इंट आणि बूलियनचा (ट्रू किंवा फॉल्सचा) & जमत नाही म्हणून कंपायलर अडवतो. तीच ओळ सी++ मध्ये कंपाइल होते आणि उत्तर कायम शून्य. (फ्लॅग & ४) == ० लिहायला दोन अक्षरं लागतात. जिथे अर्थ बदलत नाही तिथेही कंसामुळे बाइटकोडमध्ये, म्हणजे कंपाइल झालेल्या कोडमध्ये, काही वाढत नाही, वाचणाऱ्याला मात्र थांबावं लागत नाही. ज्याला तक्ता तोंडपाठ आहे त्यानेही && (आणि) व || (किंवा) एकत्र आले की कंस घालावेत.

हे सगळं जावापुरतं. सी शार्पमध्ये स्ट्रिंगवरचा == मजकूरच तपासतो, आणि पायथनमध्ये == काय करेल हे क्लास ठरवतो, ऑब्जेक्ट तोच आहे का यासाठी तिथे इज आहे. आणि जावातही इनमसाठी, म्हणजे ठरावीक नावं असलेल्या किमतींच्या टाइपसाठी, == च वापरा: प्रत्येक किमतीचा ऑब्जेक्ट एकच असतो, आणि नल आला तरी तो फुटत नाही.