आधी अंक छाप, मग पोस्टर

वर्तमानपत्रावरचा सिनेमा लावतोयस ना, मग पोस्टरांआधी त्याच्या जाहिरातीसाठी वर्तमानपत्रासारखा चार पानी अंक छाप. एक मोठा कागद मधोमध दुमडला की ४ पानं होतात. पण न्यूजप्रिंट, म्हणजे वर्तमानपत्राचा कागदच घे; गुळगुळीत कागदावर ते नुसतं पत्रक वाटतं. मथळे सिनेमातल्या पात्रांचेच असू देत. अपघात, दंगल, मृत्यू असलं चुकूनही नको. पहिल्या पानाचा फोटो काढून कुणीतरी पुढे पाठवतंच आणि लोक घाबरतात, म्हणून ‘चित्रपटाची जाहिरात’ हे प्रत्येक पानावर ठळक हवं. खऱ्या दैनिकाच्या नावाची नक्कलही नको. अंक वाटायला नाटकातला खणखणीत आवाजाचा नट उभा कर, मथळे ओरडत. तेही आधीचा खेळ सुटताना; सिनेमा बघणारी माणसं तिथेच एकगठ्ठा भेटतात.