ब्लूबेरी खरोखरच इतकी गुणकारी आहे का, आणि रोजच्या आहारात ती कशी वापरावी?

ब्लूबेरीचे जे फायदे सर्वत्र सांगितले जातात त्यांत तथ्य किती आहे आणि भारतात हे फळ एवढे महाग असताना ते रोज खावे का, असे आपण विचारले आहे. मी न्यू जर्सीत राहते. या राज्याच्या दक्षिणेकडील रेताड, आम्लधर्मी जमिनीत ब्लूबेरीची झुडपे पूर्वापार रानातच वाढत आली आहेत. एलिझाबेथ व्हाइट आणि वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी येथील व्हाइट्सबॉगमध्ये रानातली मोठ्या दाण्यांची झुडपे निवडून त्यांची लागवड केली आणि १९१६ मध्ये त्या लागवडीचे पहिले पीक बाजारात गेले. उन्हाळ्यात येथे ही फळे मुबलक मिळतात, त्यामुळे आमच्या घरात ती नेहमी असतात. मला हे फळ मनापासून आवडते, आणि म्हणूनच त्याच्याविषयी जे खरे आहे तेवढेच सांगितले जावे असे वाटते.

शंभर ग्रॅम ताज्या ब्लूबेरीत सुमारे ५७ कॅलरी, १० ग्रॅम साखर, अडीच ग्रॅमच्या आसपास तंतुमय पदार्थ आणि जेमतेम १० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. तेवढ्याच वजनाच्या पेरूत क जीवनसत्त्व २०० मिलिग्रॅमहून अधिक असते, म्हणजे त्यासाठी ब्लूबेरीवर खर्च करण्याचे काहीच कारण नाही. तिचे खरे मोल अँथोसायनिन या जांभळ्या-निळ्या रंगद्रव्यांत आहे, आणि ती प्रामुख्याने सालीत असतात. लागवडीच्या ब्लूबेरीचा दाणा कापून पाहिला तर आतला गर फिकट हिरवट दिसतो. म्हणून हे फळ सालीसकट, अख्खे खाल्ले जावे. गाळलेल्या रसात तंतू उरत नाहीत आणि साखर मात्र राहते.

संशोधनाचा विचार करता मला सर्वांत विश्वासार्ह वाटतो तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला इंग्लंडमधील एक प्रयोग. त्यात पोटाचा घेर, रक्तातील साखर, रक्तदाब अशा अनेक बाबी एकत्र बिघडलेल्या, पन्नाशीपुढच्या शंभराहून अधिक व्यक्तींचे गट करून सहा महिने काहींना गोठवून वाळवलेल्या ब्लूबेरीची, तर काहींना तुलनेसाठी तशीच दिसणारी पण ब्लूबेरी नसलेली पूड दिली गेली. रोज १५० ग्रॅम ताज्या फळांइतकी, म्हणजे साधारण एक कप, पूड घेणाऱ्यांच्या रक्तवाहिन्यांची कार्यक्षमता सुधारली. निम्मी मात्रा घेणाऱ्यांत तसा परिणाम दिसला नाही, आणि इन्सुलिनला शरीराकडून मिळणारा प्रतिसाद कोणत्याच गटात बदलला नाही. अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन पाहणीतून २०१२ मध्ये असे दिसले की ब्लूबेरी आणि स्ट्रॉबेरी अधिक खाणाऱ्या वयस्क स्त्रियांची स्मरणशक्ती व आकलन तुलनेने सावकाश घटले. ही पाहणी असल्यामुळे मी ती थोडी जपूनच वाचते, कारण अशी फळे नियमित खाणाऱ्या व्यक्ती बहुधा व्यायामाकडे आणि एकूण आहाराकडेही अधिक लक्ष देतात. तात्पर्य, रक्तवाहिन्यांना लाभ होण्याची शक्यता चांगली आहे, पण रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या औषधांना हे फळ पर्याय नाही. वेष्टनावर छापलेल्या अँटिऑक्सिडंटच्या आकड्यांकडेही लक्ष देऊ नये. अशा आकड्यांचा गैरवापर होत असल्याचे कारण देऊन अमेरिकेच्या कृषी खात्याने स्वतःचा तक्ता २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकला.

वापर अगदी सोपा आहे. सकाळी साध्या दह्यात किंवा ओट्सच्या खिरीत मूठभर दाणे घातले की वेगळी साखर फारशी लागत नाही. काकडीच्या कोशिंबिरीत, दाण्याच्या कुटासोबत, त्यांची आंबटगोड चव चांगली लागते. श्रीखंडात घालायच्या असतील तर दाणे मंद आचेवर थोडे शिजवून, पूर्ण गार करून मगच मिसळावेत, नाहीतर चक्का पातळ होतो. साखरांब्यासारखा टिकाऊ पदार्थ करताना लिंबाचा रस अवश्य घालावा. त्याने तो नीट आळतो आणि रंगही उजळ राहतो. याउलट केकच्या पिठात खायचा सोडा जास्त झाला तर दाण्यांभोवती हिरवट-करडा रंग येतो. त्यात अपायकारक काही नाही, सोड्याच्या संपर्काने रंगद्रव्याचा रंग पालटतो इतकेच.

दाण्यांवरचा पांढुरका थर ही भुकटी किंवा बुरशी नसून फळाचे नैसर्गिक मेण आहे. ते फळाला टिकवून ठेवते, म्हणून ब्लूबेरी धुऊन साठवू नये, खाण्याच्या वेळीच धुवावी. गोठवलेली ब्लूबेरी पोषणाच्या दृष्टीने ताजीइतकीच चांगली असते आणि बहुतेक वेळा स्वस्तही पडते. वाळवलेल्या फळांत मात्र अनेकदा वरून साखर घातलेली असते, तेव्हा घटकांची यादी वाचूनच घ्यावी.

खर्चाविषयी माझे मत स्पष्ट आहे: भारतात राहून रोज आयात केलेली ब्लूबेरी खाण्यासाठी ओढाताण करू नये. जांभळाचा गडद रंगही अँथोसायनिनमुळेच येतो, आणि हंगामात पिकलेली करवंदेही याच कुळीचा रंग घेऊन येतात. या फळांवर ब्लूबेरीइतके प्रयोग झालेले नाहीत, पण विविध रंगांची ताजी फळे खाण्याचा लाभ त्यांतूनही मिळतोच.

दोन बाबतींत काळजी घ्यावी. लहान मुलांच्या घशात अख्खा दाणा अडकू शकतो, म्हणून त्यांना तो कुस्करून किंवा चार तुकडे करून द्यावा. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी, ब्लूबेरीत के जीवनसत्त्व असल्यामुळे, ती रोज मोठ्या प्रमाणात सुरू करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे.