वर्डच्या फाईलमधले फोटो लॅपटॉपवर दिसतात, पण प्रिंटला येत नाहीत, काय करू?

तुम्ही लिहिलंय की प्रोजेक्टमधले फोटो घरी लॅपटॉपवर व्यवस्थित दिसतात पण झेरॉक्सच्या दुकानात काहींच्या जागी नुसती चौकट येते आणि कॉलेजच्या लोगोमागे काळा डबा. प्रिंटरच्या मागे लागू नका, दोष बहुतेक वेळा फाईलमध्येच असतो. मी सोलापुरात नवी पेठेत डीटीपीचं काम करतो, सबमिशनच्या दिवसांत असल्या फाईली सारख्या येतात.

चौकट येते म्हणजे फोटो फाईलच्या आत गेलेलाच नाही, लिंक लागलीय. तुमच्या लॅपटॉपवर मूळ फोटो आहे म्हणून दिसतो, पण पेन ड्राईव्हवर नुसती वर्डची फाईल आणली तर दुकानातल्या कॉम्प्युटरला तो सापडणार कुठून? फोटो परत टाका आणि 'लिंक टू फाईल' न घेता साधं 'इन्सर्ट' करा.

काळा डबा येतो तो लोगोची फाईल पीएनजी प्रकारची असल्यामुळे. लोगोचं बॅकग्राउंड ट्रान्सपरंट असतं, काही जुन्या प्रिंटर ड्रायव्हरांना (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) ते कळत नाही, ती जागा ते काळी भरतात. लोगो पांढऱ्या बॅकग्राउंडवर ठेवून जेपीजीत सेव्ह करा, काम झालं.

आयफोनचे फोटो असतील तर तेही बघा, 2017 पासून ते हाइक (HEIC) फॉरमॅटमध्ये येतात आणि बऱ्याच जुन्या कॉम्प्युटरवर उघडतच नाहीत. बरीच पोरं नुसतं फाईलचं नाव बदलून शेवटी जेपीजी लिहितात, त्यानं काहीच होत नाही हो, आतला माल तोच राहतो, फोटो उघडून जेपीजीत 'सेव्ह ॲज' करावंच लागतं. पुढच्या फोटोंसाठी सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्समध्ये 'मोस्ट कंपॅटिबल' करून ठेवा.

आणि कृपा करून फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते दाबून बारीक होतात. पूर्ण ए-फोर पानावर फोटो 300 डीपीआयनं, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, छापायचा तर साधारण 2480 बाय 3508 पिक्सेल लागतात, मोबाईलवर झकास दिसणारा फोटो कागदावर धूसर का होतो ते यातच आलं.

हे सगळं झालं की घरीच पीडीएफ करा, दुकानात वर्डची फाईल नेऊच नका, तिथं वर्डचं व्हर्जन वेगळं, फॉन्ट वेगळे. पीडीएफ आधी मोबाईलवर उघडून पानन् पान बघा. तरीही एखादं पान बिघडलं तर दुकानदाराला ॲक्रोबॅटच्या (पीडीएफ उघडायच्या सॉफ्टवेअरच्या) प्रिंटमध्ये ॲडव्हान्स्डला जाऊन 'प्रिंट ॲज इमेज' टिक करायला सांगा, वेळ जास्त लागतो पण स्क्रीनवर दिसतं तसं पान निघतं.