प्रश्न बसचा, चूक पॉलिसीत

प्रश्न: मुलगी 12 वर्षांची, मुलगा 8 वर्षांचा. शाळा 4 किलोमीटरवर. स्कूलबसचे शुल्क यंदा पुन्हा वाढले. कर्ज काढून दुसरी गाडी घ्यावी आणि मीच दोघांना ने-आण करावी, असे घरात चालले आहे. मुलगी म्हणते, सायकलने जाईन. स्वस्त काय पडेल? मी घरूनच शिकवण्या घेते, त्यामुळे वेळेची अडचण नाही. कॉलेजची चिंता नाही. 3 वर्षांपूर्वी दोन्ही मुलांच्या नावे शिक्षणाच्या पॉलिसी घेतल्या आहेत.

उत्तर: तुमचे खरे आकडे उघड होऊ नयेत म्हणून घरची महिन्याची मिळकत 100 धरतो; खालच्या सगळ्या रकमा याच मापात आहेत. त्यात पतीचे 80, तुमचे 20.

गाडी घेऊ नका. किंमत 600, सगळी कर्जाने. 9 टक्के व्याज, 5 वर्षे मुदत, म्हणजे हप्ता साडेबारा. इंधन, विमा, सर्व्हिसिंगचे 5 धरा. महिन्याला साडेसतरा, 5 वर्षांत 1,050. शेवटी गाडी निम्म्या किमतीला विकली तरी 750 गेले. बसचे दोघांचे मिळून आज 6 जातात. शुल्क दरवर्षी 10 टक्क्यांनी वाढले तरी 5 वर्षांत 440. शिवाय तुमच्या रोज चार फेऱ्या होतील, त्यातल्या दोन रिकाम्या गाडीने. एका फेरीला 20 मिनिटे धरली तर वर्षाच्या 200 दिवसांत सुमारे 267 तास. महिन्याला 20 मिळवून देणारा हा वेळ आहे, तो फुकट समजू नका.

आता तुम्ही न विचारलेले. तुम्ही पाठवलेली पॉलिसीची पाने वाचली आणि काळजी वाटली. दोन्ही पॉलिसी 20 वर्षांच्या आहेत. मुलीची घेतली तेव्हा ती 9 वर्षांची होती. पैसे हातात येतील तेव्हा ती 29 वर्षांची असेल, मुलगा 25 चा. मुलीचे कॉलेज 6 वर्षांवर आले आहे, आणि त्या वेळी या कागदांतून काहीच मिळणार नाही. ‘शिक्षण’ हे नाव लावून ही मुदत तुमच्या गळ्यात मारणाऱ्याने मुलांची वयेही विचारात घेतली नाहीत. याला मी चुकीची विक्रीच म्हणेन.

परतावा बघा. दोन्हींचे मिळून महिन्याला 10, 15 वर्षे. एकूण 1,800 भरायचे, 20 वर्षांनी अंदाजे 3,000 मिळायचे. हा परतावा वर्षाला जेमतेम 4 टक्के पडतो, आणि त्यातला बोनस, म्हणजे कंपनी नफ्यातून देते ती जादा रक्कम, हीसुद्धा हमीची नाही.

त्याहून मोठी चूक पुढे आहे. विमा मुलांच्या जीवावर आहे आणि हप्ता-माफीची सोयही (पालक गेल्यास पुढचे हप्ते माफ होण्याची) घेतलेली नाही. घर चालते पतीच्या 80 वर. उद्या ते नसतील तर पॉलिसी काही देणार नाही, उलट हप्ते तुमच्या 20 मधून मागेल. मुले कमावत नाहीत. विमा कमावणाऱ्याचा हवा. पतीच्या वार्षिक मिळकतीच्या दहापट, म्हणजे 9,600 चा साधा मुदत विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) आधी घ्या. वैद्यकीय तपासणी होऊन तो हातात पडेपर्यंत जुने हप्ते भरत राहा.

मग कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: आज सरेंडर केल्यास, म्हणजे पॉलिसी मोडल्यास किती, आणि पेड-अप करून, म्हणजे पुढचे हप्ते न भरता तशीच ठेवल्यास मुदतीअखेर किती. एजंटच्या तोंडी अंदाजावर थांबू नका. आतापर्यंत भरलेले 360 हिशेबात आणू नका. ते गेल्याचे दुःख होईल, पण पुढचे 1,440 अजून तुमच्या हातात आहेत. पॉलिसीचे हप्ते थांबवून वाचणाऱ्या महिन्याच्या 10 मधून मुदत विम्याला आणि आकस्मिक खर्चाला 2 ठेवून उरलेले 8 दरमहा मुलीसाठी वेगळे टाकले, तर 6 टक्क्यांनीसुद्धा 6 वर्षांत 690 होतील. सगळे शिक्षण त्यात होणार नाही, पण प्रवेशाच्या वेळी पैसे हाताशी असतील. यातले फार थोडे शेअर बाजारात घाला. 6 वर्षे हा त्यासाठी छोटा काळ आहे.

राहिली सायकल. मुलीचे 4 किलोमीटर 20-25 मिनिटांत होतात आणि बसचे 3 वाचतात, पण त्या 3 साठी निर्णय घेऊ नका. शाळेच्या वेळेलाच तिच्याबरोबर सायकलने जाऊन या. वाटेत अवजड वाहनांचा चौक असला आणि तो तिला उतरून, सायकल हातात धरून ओलांडता येत असेल तर महिनाभर सोबत जा आणि मग एकटी सोडा. नसेल तर बस. मुलगा बसनेच जाऊ दे.