रिमोटच्या खेळण्यातल्या बोटीला सुकाणूच नाही, मग ती वळते कशी?

बोट उलटी करून बघा. मागे दोन छोटे पंखे दिसतील आणि प्रत्येकाला स्वतंत्र मोटर असेल. स्वस्तातल्या बहुतेक बोटी अशाच असतात. डावीकडे वळायचं असेल तर डावी मोटर थांबते किंवा उलटी फिरते, उजवी ढकलत राहते आणि बोटीचं नाक डावीकडे जातं. पंखे नीट पाहिलेत तर बऱ्याचदा दोघांच्या पात्यांचा पीळ एकमेकांच्या उलट असतो. हे मुद्दाम केलेलं असतं, नाहीतर सरळ सोडलेली बोटही एका अंगाला ओढते.

महागड्या बोटीत सहसा एकच पंखा आणि त्याच्या मागे सर्वोने (रिमोटच्या इशाऱ्यावर हव्या तेवढ्याच कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटरने) हलणारं सुकाणू असतं. पंख्याने मागे फेकलेलं पाणी सुकाणूवर आदळतं, त्यातूनच वळायचा जोर मिळतो. म्हणून काठ जवळ आला की घाबरून थ्रॉटल (रिमोटवरचा वेगाचा खटका) पूर्ण सोडू नका! पंखा थांबला की सुकाणूत फारसा दम उरत नाही. थोडा वेग ठेवूनच वळवा.

तुमची बोट एकाच बाजूला गोल गोल फिरत असेल तर ज्या बाजूला वळते त्या बाजूचा पंखा तपासा. दांड्याला केस, दोरा किंवा शेवाळ गुंडाळलेलं सापडतं. आधी बॅटरी काढा, मग चिमट्याने ओढा.

आणि पाण्याबाहेर मोटर फिरत नाही म्हणून बोट बिघडली असं समजू नका. अनेक बोटींच्या तळाला धातूचे दोन ठिपके असतात. ते पाण्यात बुडाल्यावरच मोटर चालू होते, म्हणजे मुलांच्या हाताला फिरता पंखा लागत नाही.