'शंभर टक्के', 'संपूर्ण' की 'यच्चयावत'? स्पीडरनच्या नियमांची मराठी

प्रश्न : 'स्कायरिम' या व्हिडिओ गेमच्या हंड्रेड परसेंट स्पीडरनचे, म्हणजे गेममधलं सगळं कमीत कमी वेळात करून दाखवण्याचे, नियम आमच्या गटासाठी मराठीत लिहायला घेतले आहेत. या प्रकाराला 'पूर्ण रन' म्हणावं, 'संपूर्ण' म्हणावं की 'शंभर टक्के'? आणि 'सर्व क्वेस्ट (गेमने दिलेली कामं) संपवणे आवश्यक' एवढं वाक्य नियम म्हणून पुरेल का?

उत्तर : नाव 'शंभर टक्के'च ठेवा. खेळणाऱ्यांच्या तोंडी तेच आहे. 'पूर्ण रन' म्हटलं तर मध्येच न सोडलेला कुठलाही रन त्यात बसतो. 'संपूर्ण' हा शब्द पोथीच्या शेवटच्या पानावर शोभतो. अर्थाच्या दृष्टीने सगळ्यांत नेमका शब्द 'यच्चयावत', म्हणजे जे जे म्हणून आहे ते सगळं, पण प्रकाराचं नाव म्हणून तो जड होतो. 'शंभर टक्के' लिहिताना एकच काळजी घ्या. बोलण्यात त्याचा अर्थ 'नक्की' असाही होतो, त्यामुळे 'हा शंभर टक्के रन आहे' हे वाक्य दोन्हीकडे झुकतं. 'शंभर टक्क्यांचा रन' अशी षष्ठी लावा, म्हणजे प्रश्न मिटला.

नावापेक्षा मोठी अडचण दुसरीच आहे. टक्का म्हटलं की छेद लागतो. 'सोळा आणे खरं' या बोलण्याला वजन होतं, कारण रुपयाचे आणे सोळाच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली आणि आणे गेले, बोलणं मात्र टिकलं. काही गेम असा छेद स्वतःच देतात. १९९४च्या 'सुपर मेट्रॉइड'मध्ये मोजल्या जाणाऱ्या वस्तू बरोबर १०० आहेत आणि किती टक्के मिळवल्या हे गेम शेवटी पडद्यावर दाखवतो. तिथे नियम एका ओळीत बसतो. ११ नोव्हेंबर २०११ला आलेल्या 'स्कायरिम'ने असा आकडा कुठेच दिलेला नाही. जर्नल या गेममधल्या नोंदवहीत आकडेवारीच्या पानावर किती क्वेस्ट पूर्ण झाल्या, किती ठिकाणं सापडली हे कळतं, पण कितीपैकी ते कळत नाही. छेद तुम्हालाच ठरवायचा आहे, आणि तो शब्दांतच ठरणार आहे.

आता तुमचं वाक्य बघू. त्यातला 'सर्व' टिकत नाही. डार्क ब्रदरहूड या मारेकऱ्यांच्या संघटनेच्या मुख्य क्वेस्ट झाल्या की नाइट मदर एकामागून एक कंत्राटं देत राहते, त्यांना शेवटच नाही. गेम स्वतः जुळवून देतो अशा क्वेस्टना रेडियंट म्हणतात. त्या यादीत धरल्या तर घड्याळ कधीच थांबणार नाही. दुसरीकडे, काही क्वेस्ट एकमेकींची वाट अडवतात. यादवी युद्धात इम्पीरियल किंवा स्टॉर्मक्लोक यांपैकी एकच बाजू मिळते. संघटनेची म्होरकी ॲस्ट्रिड हिला तिच्या झोपडीतच मारलं तर डार्क ब्रदरहूडचा नायनाट करायची क्वेस्ट मिळते, पण त्यांच्यात सामील होण्याचा रस्ता बंद होतो. 'सीझन अनएंडिंग' ही तहाची क्वेस्ट यादवी आधीच निकालात काढली असेल तर येतच नाही. म्हणजे क्रम चुकला की एक क्वेस्ट कायमची गेली.

यावर 'शक्य तितक्या क्वेस्ट' असं सुचवलं जाईल. ते लिहू नका. मराठीत 'शक्य तितक्या' म्हणजे करणाऱ्याला जमतील तितक्या. तुम्हाला गेममध्ये जमणाऱ्या हव्यात. 'एकाच सेव्हमध्ये पूर्ण करता येतील अशा सर्व' असं लिहा आणि जिथे फाटा फुटतो तिथे कुठली बाजू धरायची ते नाव घेऊन सांगा. बाजू रनरवर सोडायची असेल तर 'दोहोंपैकी कोणतीही एक' लिहा. नुसतं 'किंवा' लिहिलंत तर दोन्हींच्या मधोमध सोडून दिलेलं काम चालतं का, असा वाद होणारच.

'संपवणे' हे क्रियापदही बदला. क्वेस्ट फसली तरी ती संपलेलीच असते. ज्याने काम दिलं तोच मेला की जर्नलमध्ये ती नापास होऊन बंद होते. तुम्हाला 'पूर्ण करणे' म्हणायचं आहे. पण तेही प्रत्येक ठिकाणी पुरत नाही. 'वेकिंग नाइटमेअर' ही व्हर्मिना या डेड्रा देवतेची क्वेस्ट घ्या. शेवटी एरँडर या पुजाऱ्याला मारलं तर 'स्कल ऑफ करप्शन' हाती येते. त्याला जगू दिलं तर तो सोबती होतो, पण कवटी मिळत नाही. क्वेस्ट दोन्हीकडे पूर्णच. म्हणून डेड्रिक वस्तूंसाठी वेगळं क्रियापद हवं : 'मिळवणे'. याच वस्तूंवर 'ऑब्लिव्हियन वॉकर' ही अचिव्हमेंट आहे, तिला १५ वस्तू लागतात. तो आकडा तयार मिळतो, तर तोच नियमात घ्या. त्यात क्लाव्हिकस व्हाइलची कुऱ्हाड मोजली जात नाही, मुखवटा मोजला जातो. म्हणजे बार्बस या कुत्र्याला जिवंत ठेवावं लागतं. हा तपशील नियमात एका ओळीत द्या, नाहीतर रनरला शेवटच्या तासात कळेल की एक वस्तू कमी आहे.

'मिळवणे' आणि 'जवळ असणे' यांतही गल्लत करू नका. पडताळणीला सोपं जावं म्हणून 'रन संपताना सर्व वस्तू जवळ असाव्यात' असं लिहायचा मोह होतो. पण थीव्ह्ज गिल्ड या चोरांच्या संघटनेच्या 'डार्कनेस रिटर्न्स'मध्ये स्केलेटन की परत केल्याशिवाय क्वेस्ट पूर्णच होत नाही. किल्ली यादीत असेल तर तुमचे दोन नियम एकमेकांना खोटं पाडतील. 'मिळवलेली असावी' हे रूप इथे बरोबर : काम होऊन गेलंय, वस्तू आता कुठे का असेना.

विशेषणांपैकी 'सर्व'पेक्षा 'प्रत्येक' मला नियमात जास्त आवडतो, कारण तो मोजायला लावतो. 'बॅरेन्झियाचे सर्व खडे' यापेक्षा '२४पैकी प्रत्येक खडा' हे तपासणाऱ्यालाही सोयीचं.

पर्कच्या, म्हणजे प्रत्येक कौशल्यात निवडून घ्यायच्या खास क्षमतांच्या, बाबतीत मात्र हेच 'प्रत्येक' अंगाशी येतं. मूळ गेमच्या १८ कौशल्यांत मिळून २५१ पर्क आहेत. पर्क लेव्हलमागे एक, तोही दुसऱ्या लेव्हलपासून, म्हणजे सगळ्यांसाठी लेव्हल २५२ गाठावी लागते. २०१३च्या १.९ पॅचच्या आधी लेव्हल ८१च्या आसपासच अडकायची, त्यामुळे त्या आवृत्तीत ही अट पुरीच करता येत नाही. त्या पॅचने शंभरावर पोचलेलं कौशल्य लेजंडरी करून पुन्हा खालून चढवायची सोय दिली आणि ती मर्यादा उठली. पर्क धरायचे की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. माझं मत विचाराल तर धरू नयेत, कारण रनचा बराच वेळ मग एकच कौशल्य पुन्हा पुन्हा वाढवण्यात जातो. पण काहीही ठरवलंत तरी आवृत्तीचा आकडा नियमात हवाच. डॉनगार्ड, हार्थफायर आणि ड्रॅगनबॉर्न हे गेमला नंतर जोडलेले भाग धरले आहेत की नाहीत, हेही त्याच ओळीत द्या. डॉनगार्डमध्ये परत व्हॅम्पायर की त्यांचे शिकारी, असा एक फाटा आहेच.

रेडियंट क्वेस्ट सरसकट वगळल्या तर एक चांगला भाग हातचा जातो. थीव्ह्ज गिल्डचं प्रमुखपद मिळवायला व्हाइटरन, सॉलिट्यूड, मार्कार्थ आणि विंडहेल्म या चार शहरांत प्रत्येकी पाच छोटी कामं करावी लागतात, मग त्या शहराचं खास काम सुटतं. छोटी कामं गिल्डमधले डेल्विन आणि वेक्स देतात, कुठल्या शहरातलं मिळेल ते नशिबावर. नको ते शहर आलं तर काम सोडून पुन्हा मागता येतं, किंवा आधी सेव्ह करून लोड करता येतं. म्हणून वाक्य असं करा : 'रेडियंट क्वेस्ट मोजू नयेत, मात्र एखाद्या यादीतल्या क्वेस्टसाठी त्या लागत असतील तर तेवढ्या कराव्यात.' काम सोडणं आणि सेव्ह परत लोड करणं चालतं की नाही, तेही स्पष्ट सांगा. लोड चालत असेल तर लोड करण्याआधीचा वाया गेलेला वेळ घड्याळात राहतो, हेही लिहा.

वेळेच्या नियमात 'पासून' आणि 'पर्यंत' यांच्यावर विसंबू नका. 'गेम सुरू झाल्यापासून' म्हणजे मेनूपासून, गाडीतल्या प्रसंगापासून की पात्र हालवता येऊ लागल्यापासून? पडद्यावर दिसणारी एक खूण सांगा. शेवटचीही तशीच : 'यादीतली शेवटची गोष्ट पूर्ण झाल्याची सूचना पडद्यावर उमटते तो क्षण'. लोडिंगचा वेळ वगळा, कारण साधी हार्ड डिस्क आणि एसएसडी यांत दर दरवाज्यामागे फरक पडतो आणि इतक्या लांब रनमध्ये दरवाजे शेकड्यांनी असतात. मूळ आवृत्तीत फिजिक्स, म्हणजे वस्तूंच्या हालचालीचं गणित, फ्रेम रेटला (सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याला) बांधलेलं आहे. ६०च्या वर गेलं की सुरुवातीची ती घोडागाडीच उलटीपालटी होते आणि पुढे वस्तू आपटून उडतात. म्हणून 'फ्रेम रेट ६०पेक्षा जास्त नसावा' असं लिहा. '६०पर्यंत' लिहिलंत तर ६० धरून की सोडून, हे कुणीतरी विचारेलच.

ग्लिच, म्हणजे गेममधल्या चुकांचा फायदा घेणं, चालतील की नाही हा वेगळा प्रकार करा. कन्सोल या आज्ञा टाइप करायच्या खिडकीतल्या आज्ञांना मात्र बंदीच हवी, कारण 'कम्प्लीटक्वेस्ट' टाइप केलं तरी गेमच्या लेखी क्वेस्ट पूर्णच होते, आणि मग तुमच्या नीट निवडलेल्या क्रियापदालाही ते पकडता येत नाही.