रीडर नंतर, आधी फायली उघडून बघा

सहा इंची ई-बुक रीडर घ्यावा की दहा इंची, आणि इतक्या वर्षांत साठलेल्या ई-पुस्तकांच्या शेकडो फायली लावायच्या कशा, हे तुमचे दोन प्रश्न. पहिल्याचं उत्तर दुसऱ्यातच आहे. साठ्यात ईपब किती आणि पीडीएफ किती, ते आधी बघा.

ईपबमधला मजकूर पडद्याप्रमाणे मांडला जातो, अक्षर हवं तेवढं मोठं होतं. त्याला सहा-सात इंच पुरेत. पीडीएफचं पान मात्र छापल्यासारखं जागच्या जागी असतं. ए-४ पान सहा इंचांत कोंबलं की अक्षरांच्या मुंग्या होतात. मोठं करावं तर दर ओळीला पान इकडून तिकडे सरकवत बसा. रीडरचा ई-इंक, म्हणजे कागदासारखा दिसणारा, पडदा मुळातच संथ, त्यामुळे अगदी वैताग येतो. पीडीएफचं ईपब करून घेऊ म्हणाल, तर स्कॅनमध्ये मजकूरच नसतो, नुसती चित्रं असतात. आणि जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटातली मराठी पीडीएफ रूपांतरात हमखास अगम्य चिन्हांची रांग होऊन येते. अशा फायली जास्त असतील तर दहा इंची घ्या, नाहीतर सरळ टॅबलेटवर वाचा.

रंगीत पडद्याचा मोह कादंबऱ्या वाचणाऱ्याने टाळावा. कॅलिडो ३ या रंगीत ई-इंक पडद्यात काळी अक्षरं ३०० पीपीआयची (इंचाला ३०० ठिपके) असली तरी रंग १५० वरच थांबतो, शिवाय पडदा जरा मळकट दिसतो.

कोबो आणि पॉकेटबुक या कंपन्यांचे रीडर ईपब थेट वाचतात. किंडलला ते ‘सेंड टू किंडल’ या सेवेतून रूपांतर करून द्यावं लागतं. शिवाय विकत घेतलेलं किंडल पुस्तक संगणकावर उतरवून यूएसबीने रीडरवर टाकायची सोय अ‍ॅमेझॉनने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. म्हणून डीआरएम (फायलीवरचं कॉपीबंदीचं कुलूप) नसलेली प्रत मिळत असेल तर मी तीच घेतो.

मूळ संग्रह संगणकावर, कॅलिबर या ई-पुस्तकं लावून ठेवायच्या प्रोग्रॅममध्ये ठेवा. रीडरवर चालू वाचनापुरतंच न्या. कॅलिबर फुकट आहे, आणि आयात करताना प्रत्येक फायलीची प्रत लेखकवार फोल्डरात ठेवतं. त्या फोल्डरांची नावं हाताने बदलू नका; सगळी नोंद मेटाडेटा डॉट डीबी या फायलीत असते, तिचा मेळ बिघडतो. पहिल्याच बैठकीत लेखकांची नावं एकसारखी करा, नाहीतर एकच लेखक तीन ठिकाणी सापडेल. टॅग मोजकेच ठेवा. कॅलिबर बंद करून अधूनमधून अख्खं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवलंत की बॅकअपही झाला.